बाजूच्या जागेवरचा ब्रेक

पावसाळा संपून माती नुकती कुठे धरू लागली होती, त्या दिवसांतल्या एका सकाळी, बंद पडलेल्या दगडखाणीच्या मागच्या उतारावर, पाणीपुरवठा खात्याच्या चालकांना शिकवणारे प्रशिक्षक एका साठीच्या बाईंची परीक्षा घेत होते. ही परीक्षा खात्याची नव्हती. खोऱ्याच्या तळाशी असलेल्या जुन्या पंपघराकडे जो कच्चा रस्ता उतरतो, त्याच्या फाटकाची किल्ली प्रशिक्षकांच्या ताब्यात असे. आणि बाईंना तो उतार गाडी चालवत एकटीने उतरता येतो अशी खात्री पटल्यावाचून किल्ली मिळणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते.

पंपघरालगतच्या दोन खोल्यांत बाईंचा सारा संसार झाला होता. यजमान तिथे पंपचालक होते. त्यांची बदली कधी झाली नाही, त्यांनी ती मागितलीही नाही. निवृत्तीनंतर दोघे शहरात आली, आणि गेल्या हिवाळ्यात यजमान वारले. तेव्हापासून बाईंना एकच ओढ लागली होती : त्या खोल्यांच्या पायरीवर एकदा जाऊन बसावे, आणि एकटीने बसावे.

"तुझ्या लेकाला सांगितलंस तर तासाभरात नेऊन आणेल," मागच्या सीटवरून नणंद म्हणाली.

"नेऊन आणेल, तेच नको आहे, वन्सं. तो घड्याळ बघत उभा राहतो."

"मग मी येते की."

"तुम्ही बोलत राहता."

नणंदेने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "हे मात्र खरं," ती म्हणाली आणि पुन्हा बोलू लागली.

"बटण दाबा," बाजूला बसलेले प्रशिक्षक म्हणाले. "आता ज्या चाकाला गरज पडेल त्या चाकाला गाडी स्वतः ब्रेक लावेल. तुम्ही फक्त स्टिअरिंग सरळ धरायचं. दोन्ही पाय मागे."

गाडीचे नाक खाली झुकले. समोरचे आकाश गेले आणि काचेत नुसती माती उरली. चाकांपाशी घरघर सुरू झाली, आणि त्याच क्षणी बाईंचा उजवा पाय खाली गेला. गाडी आचका देऊन थांबली. मागचा भाग हातभर बाजूला सरकला.

"पाय!" प्रशिक्षक म्हणाले.

"मी नाही दाबला. तो आपला आपण गेला."

"आपला आपण जायला तो काय भाड्यानं आणलाय? कुठलं चाक निसटतंय हे गाडीला तुमच्या आधी कळतं. तुम्ही मध्ये पडलात की तिचं सगळं बिनसतं."

"तिच्या पायाला जुनी खोड आहे," नणंद म्हणाली. "दादाच्या जीपमध्ये बाजूला बसून चटईला भोक पाडलंय हिनं."

गोष्ट खरी होती. जीपला असली काही सोय नव्हती. यजमान खालच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेकला न शिवता, पंपघराचा उतार उतरत. आणि शेजारी बसलेल्या बाई साऱ्या उतारभर उजवा पाय जमिनीत रुतवून बसत. खाली पोहोचल्यावर ते दर वेळी म्हणत, "तू दाबतेस म्हणून मला दाबावा लागत नाही." ही थट्टा आहे हे बाईंना ठाऊक होते. तरीही पाय त्यांनी कधी उचलला नाही, आणि यजमानांनी ती भोक पडलेली चटई खात्याला कधी बदलू दिली नाही.

गाडी पुन्हा माथ्यावर आली. बाईंनी उजव्या पायातली चप्पल काढून ठेवली, टाच सीटला टेकवली आणि बटण दाबले. नाक झुकले. घरघर सुरू झाली. पायाची बोटे आखडली. पण पाय जागचा हलला नाही. एक चाक निसटू लागले, गाडीने ते धरले, सोडले, पुन्हा धरले. बाईंच्या पाठीला मात्र मागून काहीतरी रुतत होते.

"वन्सं, पाय काढा."

"तुला कसं कळलं गं, वहिनी?"

"माझ्या कमरेत रुतलाय."

मागचा पाय निघाला. गाडी संथपणे सपाटीवर आली आणि घरघर थांबली. नणंद हसत होती. बाईही हसल्या, पण त्यांचे हसू लवकर विरले. पाय सीटला टेकलेलाच होता. आता त्याचे काय करावे हे त्यांना कळेना.

"म्हणजे मी दाबला नाही, तरी गाडी उतरते," त्या म्हणाल्या.

"उतरली की आत्ता."

"मग त्यांचीही उतरलीच असती."

"कोणाची?" प्रशिक्षकांनी विचारले.

बाईंनी वाकून चप्पल पायात सरकवली. नणंद प्रथमच गप्प झाली. प्रशिक्षकांनी खिशातून फाटकाची किल्ली काढून बाईंच्या हातावर ठेवली.

"येतं तुम्हाला," ते म्हणाले. "बाजूला कुणी लागत नाही."