आठव्या प्रकरणातला माणूस

"आठवं प्रकरण नका वाचू, भाऊ," मयुरी म्हणाली.

लटारू गेडाम स्टुलावर उभा राहून फळ्यावर दिवसाची टिप लिहीत होता. 'उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचा' इथपर्यंत झालं होतं. त्याने मान वळवून पाहिलं. मयुरीच्या हातात नवंकोरं पुस्तक होतं. 'बांधी ते खुर्ची'. मुखपृष्ठावर लेखक, याच अभ्यासिकेत शिकून अधिकारी झालेला प्रणित बोरकुटे, हाताची घडी घालून उभा होता आणि त्याच्या मागे बांधी, म्हणजे धानाचं हिरवं शेत होतं.

"काऊन? छपाई खराब आहे का?"

"नाई, तसं नाई." तिने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

एरवी सकाळी खोलीत कुजबुज असते. आज कोणी पानही उलटत नव्हतं. त्यावरून लटारूला कळलं की पुस्तक बाकीच्यांचं वाचून झालं आहे. त्याने टिप पूर्ण केली, हात झटकले आणि मग तो खाली उतरला.

सिंदेवाहीकडून ब्रह्मपुरीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावात, एका बंद पडलेल्या राइस मिलच्या माडीवर ही अभ्यासिका होती. मिल बंद होऊन काळ लोटला, तरी पंखे सुरू केले की वरून धानाचा बारीक कोंडा पडायचा. वनरक्षक, तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा अशा सगळ्यांची तयारी करणारी मुलं इथे बसत. लटारूही इथे मुलगा म्हणूनच आला होता. मग त्याची वयोमर्यादा संपली. किल्ली त्याच्याकडे होती, म्हणून तो येत राहिला. मुलं महिन्याला जी फी देत, त्यातून विजेचं बिल भरलं जाई आणि उरेल त्यात लटारूचं घर.

खोलीच्या दोन प्रथा त्याने पाडल्या होत्या. रोज सकाळी फळ्यावर एक टिप, आणि रविवारी एका नव्या पुस्तकाची ओळख. मुलाखतीच्या अर्जात छंद म्हणून सगळेच 'वाचन' लिहितात, आणि वाचायला कोणालाच वेळ नसतो. लटारू वाचायचा. कादंबऱ्या, अधिकाऱ्यांची आत्मकथनं, उद्योगपतींची चरित्रं, हाती येईल ते. मग पुस्तकात काय आहे, काय चांगलं आहे, लेखक कुठे घसरला आहे आणि मुलाखतीत त्यावर काय विचारतील, हे सांगायचा. त्याचा नियम एकच होता. पुस्तकात आहे तेवढंच बोला. बाहेर गेलात की पकडले जाल.

प्रणितही अशीच लटारूने सांगितलेली एक कादंबरी घेऊन मुलाखतीला गेला होता. समितीने तिच्यावर बराच वेळ चर्चा केली. त्याने ती वाचलेली नव्हती. यात लटारूला काही विशेष वाटलं नव्हतं. बहुतेक जण तसेच जात.

त्याने दाराजवळच्या आपल्या खुर्चीत बसून आठवं प्रकरण उघडलं. प्रकरणाचं नावच 'दाराजवळची खुर्ची' होतं.

त्यातल्या माणसाचं नाव सुखदेव होतं. सुखदेवला सगळं येत असे. सुखदेव सगळ्यांना वाट दाखवत असे. आणि शेवटच्या संधीला, मुख्य परीक्षेच्या दिवशी, सुखदेव नागपूरच्या केंद्राच्या फाटकावरून परत आला. 'सुखदेव नापास झाला नाही. सुखदेवने पेपरच दिला नाही. तो घाबरला. मित्रांनो, तुमच्या आतही एक सुखदेव खुर्ची टाकून बसला आहे. त्याला आज उठवा.'

लटारूने पान परत वाचलं. मग पुस्तक मिटलं.

खरं होतं ते. तो परत आला होता. रांगेत उभा असताना पुढची पोरं एकमेकांचे बैठक क्रमांक पाहत होती. पेपर कसा जाईल ते त्याला दिसत होतं, निकाल कसा लागेल तेही. तो रांगेतून बाहेर आला, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि दुपारची बस धरली. घरी सांगितलं, पेपर बरा गेला. फाटकावरून परतल्याचं त्याने एकाच माणसाला सांगितलं होतं. प्रणितला. पुढच्या वर्षी प्रणितची मुख्य परीक्षा होती आणि तो जातच नाही म्हणत होता. तू फाटकातून परत येऊ नकोस, म्हणून सांगितलं होतं.

"भाऊ," मागून मिथुन म्हणाला. हा खोलीतला सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी वाचणारा. "पिंजऱ्यातला बोकड पाहून आलो. लयच फुगला."

गावाबाहेर नाल्याजवळ वाघासाठी पिंजरा लावून ठेवला होता. वाघ फिरकत नव्हता आणि आतल्या बोकडाला रोज चारा मिळत होता.

"त्याचीबी वयोमर्यादा निघून गेली वाट्टे," मिथुन म्हणाला.

दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले. मिथुनच्याही लक्षात आलं. तो पुस्तकात तोंड घालून बसला.

दुपारी लटारूने पुस्तक घरी नेलं. त्याची बायको दिव्यानी शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. गावात कोणीतरी तिला आधी सांगेल, त्यापेक्षा आपणच दिलेलं बरं, असं त्याने वाटेत ठरवलं होतं. तिने ओळीखाली बोट धरून सगळं प्रकरण वाचलं.

"नाव बदललंन," ती म्हणाली. "चष्म्याची दोरी नाई बदललंन."

लटारूने गळ्यातल्या दोरीला हात लावला.

"तुमी पेपर देला नाई?"

"नाई."

"त्या दिवशी मी खीर केली होती." तिने मशीनवरचं कापड सरळ केलं. "साखर टाकाची राहून गेली होती. मी मागून खाल्ली तवा समजलं. तुमी दोन वाट्या खाल्ल्या अन् चांगली झाली म्हणले. मले वाटलं, पेपरच्या खुशीत ध्यान नसन."

लटारूने तिच्यापुढचं पुस्तक मिटलं.

"एवढे साल मी लोकांले सांगून राह्यली, थोडक्यात हुकलं म्हून." पायाखालचा मशीनचा पायटा थोडा चालला आणि थांबला. "परतले त्याचं काई नाई. माणूस परतते. पण त्याले सांगितलं, मले नाई."

मग मशीन पुन्हा सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत थांबली नाही.

रविवारी प्रणित आला. गाडीतून पुस्तकांची दोन खोकी उतरली. तो आता जिल्ह्यातच अधिकारी होता. अभ्यासिका सरकारी योजनेत जाणार होती आणि तिथे मानधनावर एक ग्रंथपाल नेमायचा होता. ती फाइल त्याच्याच टेबलावर होती. ऑर्डर मिळाली तर लटारू पहिल्यांदाच कागदावर कोणीतरी होणार होता. नाही मिळाली तर किल्ली दुसऱ्याला देऊन घरी बसायचं. या वयात आणखी कुठे जाता येईल, याचा विचार त्याने करून पाहिला होता. जिल्हाभर सगळीकडे त्याचेच विद्यार्थी साहेब होते.

प्रणितने त्याला जिन्याजवळ बाजूला घेतलं.

"भाऊ, राग तं नाई ना? नाव बदललं मी."

"दिसलं."

"सगळ्यात जास्त फोन त्याच प्रकरणावर येऊन राह्यले. एक बाई तं फोनवर रडल्या."

"काऊन?"

"म्हणल्या, माझ्या पोरात सुखदेव आहे." प्रणितचा चेहरा खरोखर भारावलेला होता. "पाहा ना भाऊ, तुमची गोष्ट कुठी कुठी पोचली! तुमच्यावाचून पुस्तकच झालं नसतं. आता आज एक करा. पुस्तकावर तुमी बोलालच. शेवटी फक्त म्हणा, सुखदेव मीच होय. दोन मिनटं. आमच्या ऑफिसातला पोरगा व्हिडिओ काढते. त्याचा असर वेगळाच पडते."

लटारू खाली उभ्या गाडीकडे पाहत होता.

"ऑर्डर टाइप होऊन पडली आहे. गुरुवारी सही करतो. तुमच्यासाठी किती भांडलो, तुमाले सांगत नाई मी."

तो धमकी देत नव्हता. व्हिडिओ आणि ऑर्डर, त्याला दोन्ही गोष्टी सारख्याच चांगल्या वाटत होत्या. त्यामुळे त्याच्याशी भांडायला लटारूला जागाच सापडत नव्हती.

खोली भरली होती. काही पालकही आले होते. लटारू नेहमीसारखा फळ्याजवळ उभा राहिला.

"पुस्तकाचं नाव 'बांधी ते खुर्ची'. लेखक आपल्याच खोलीतले. भाषा सोपी. एका बैठकीत वाचून होते. तिसरं प्रकरण उत्तर कसं लिहायचं त्यावर आहे. ते प्रत्येकानं उतरून घ्या. इतकं स्पष्ट मी दुसरीकडे वाचलं नाही." प्रणितने मान तुकवली. "पाचव्या प्रकरणात लेखक म्हणतात, मी दर आठवड्याला एक पुस्तक वाचत होतो. कोणतं, ते लिहिलेलं नाही. मुलाखतीत तुम्ही असं म्हणाल तर पुढचा प्रश्न तोच येईल. नावं तयार ठेवा."

मागच्या बाकावर कोणीतरी हसू खोकल्यात दाबलं. प्रणित मोबाइलमध्ये काहीतरी पाहू लागला.

"आठवं प्रकरण," लटारू म्हणाला.

पंख्यांचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. मयुरीने खाली पाहिलं.

"लिहिण्याच्या दृष्टीनं पुस्तकातलं सगळ्यात चांगलं प्रकरण हेच आहे. वाक्यं लहान आहेत, माणूस डोळ्यांसमोर येतो. एकच कसर आहे. सुखदेव फाटकातून परतला, एवढं लेखकाला माहीत आहे. काऊन परतला, हे त्यानं सुखदेवले इचारलं नाई. उत्तर स्वतःच लिहून टाकलं. तुम्ही प्रश्न न वाचता लिहिता ना, तसं."

बोलता बोलता आपण घरच्या बोलीवर आलो, हे त्याच्या लक्षात आलं. तो थांबला.

प्रणित हसत उठला. "एकदम बरोबर. टीका मान्य. मंग आज इचारून घेऊ!" त्याने खूण केली तसा दारातल्या पोराने मोबाइल वर धरला. "भाऊ, सांगा सगळ्याले. सुखदेव कोण?"

सगळ्या खोलीला माहीत होतं. पालकांनाही माहीत होतं. लटारूने फक्त दोन शब्द म्हणायचे होते आणि ते खोटेही नव्हते.

"ते पुस्तकात नाई," तो म्हणाला.

"म्हूनच तं तुमाले इचारून राह्यलो."

"मी पुस्तकात आहे तेवढंच बोलतो, साहेब."

प्रणितला त्याने आजवर कधी साहेब म्हटलं नव्हतं. प्रणितचं हसू गरजेपेक्षा जरा जास्त वेळ चेहऱ्यावर राहिलं. मग त्यानेच टाळ्या वाजवल्या आणि बाकीच्यांनी वाजवल्या. पुस्तकं वाटली गेली. सामूहिक फोटो झाला. फोटोत लटारू नव्हता; तो खुर्च्या भिंतीशी लावत होता.

गुरुवारी संध्याकाळी मुली उजेड असतानाच निघून गेल्या. वाघाच्या भीतीने हल्ली त्या घोळक्यानेच जात. खोली रिकामी होत आली तेव्हा मिथुन जिना चढून आला. त्याच्या हातात पाकीट होतं. तो आत न येता उंबऱ्याशीच थांबला.

"मले फोन आला, भाऊ. मी मांगितलं नव्हतं."

लटारूने कागद वाचला. प्रश्न वाचतो तसा, दोनदा. मिथुनचं नाव, ग्रंथपालाचं पद, रुजू होण्याची तारीख. मसुदा चांगला होता.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"तसं नका म्हणू ना."

"मंग कसं म्हणू?" लटारूने गळ्यातली किल्ली काढली. चष्म्याच्या दोरीत ती अडकली, ती सोडवायला वेळ लागला. "कोपऱ्यातला पंखा लावू नको, त्यातूनच जास्त कोंडा पडते. खडू खालच्या दुकानातला घेऊ नको. मोडते."

"रविवारी तुमीच याल ना बोलाले? मले तं पुस्तकातलं काईच..."

"पाहू."

येणार हे दोघांनाही माहीत होतं.

फळ्यावर सकाळची टिप तशीच होती. मिथुनने डस्टर उचललं, लटारूकडे पाहिलं आणि परत ठेवलं. लटारूनेच फळा पुसला. कोपऱ्यांतही पुसला. मग तो उतरला.

नाल्याजवळ पिंजरा होता. अंधार पडायला आला होता. बोकडाने पायरव ऐकून मान वर केली, चाऱ्याची वेळ नाही हे ओळखलं आणि तो खाली बसला.

घरी दिवा लागला होता. मशीनवर कापड झाकलेलं होतं आणि चुलीकडून दुधाचा वास येत होता. आज गुरुवार आहे, हे दिव्यानीच्या लक्षात होतं. रविवारचं सगळं तिला मयुरीने सांगितलं होतं. 

"आली का?" तिने विचारलं.

दोन शब्द याही वेळी पुरले असते. उद्या कळेल, सही राहिली, असं काहीतरी.

"नाई आली," लटारू म्हणाला. "मिथुनले भेटली."

"किल्ली?"

"देली."

तिने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. खिरीची एक वाटी भरून त्याच्यासमोर ठेवली. मग दुसरी भरली आणि ती घेऊन स्वतः त्याच्यासमोर बसली. पेपरच्या दिवशी तो खात असताना ती नुसती पाहत उभी होती.

त्याने एक चमचा खाल्ला.

"साखर बरोबर आहे?"

त्याने दुसरा चमचा खाल्ला, नीट चव घेतली.

"कमी आहे," तो म्हणाला.

दिव्यानी उठली आणि साखरेचा डबा घेऊन आली.