छिद्रावरचं कुंकू

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक बारीक छिद्र आहे. शेजारी इंग्रजीत लिहिलं आहे, 'हे झाकू नका'. मी एक जुनी हार्ड डिस्क. त्या छिद्रातून मी श्वास घेते. माझी कहाणी तिथेच येऊन अडते, म्हणून ते आधीच सांगितलं.

माझी उमेदीची वर्षं वसईतल्या एका टायपिंगच्या दुकानात गेली. तेव्हा माझे काय लाड! मग मोठ्या डिस्क आल्या आणि मी कामणच्या गोदामात भंगारात पडले. २००४ साली चंद्रहासने मला तिथून उचलून मनवेलपाड्याच्या घरी आणलं.

शाळेत असताना त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा छोटा संगणक होता. आपल्या आईची, धोंडूबाईंची, हळदीची चौदा गाणी त्याने त्यावर इंग्रजी अक्षरांत टाइप करून टेपरेकॉर्डरच्या कॅसेटींवर साठवली होती; तेव्हा तसंच साठवत. आता कॅसेटी झिजल्या होत्या, आणि धोंडूबाईंनाही गाणी आठवेनात. त्यात धाकट्या बहिणीचं, उन्नतीचं, लग्न मार्गशीर्षात ठरलं.

"माझ्या हळदीला आईचीच गाणी हवीत," उन्नतीने भावाला बजावलं. "सीडी लावलीस तर बघ, दादा!"

त्या कॅसेटी फक्त तो जुना संगणकच वाचायचा, म्हणून मला त्याला जोडायचं होतं. पण तो मला ओळखेचना! माझ्या मागची इवलीशी टोपी, जम्पर, चुकीच्या पिनांवर बसली होती. ते कळायला तीन रविवार गेले. मग संगणकाला माझं एवढं मोठं पोट मोजता येईना, म्हणून चंद्रहासने माझे लहान लहान भाग पाडले. तेही दोनदा पुसून पुन्हा.

"लग्न होऊन उन्नतीला पोर होईल, तरी तुमची डिस्क काही चालायची नाही," चंद्रहासची बायको लतिका म्हणाली.

चालले हो मी! चौदाही गाणी माझ्यात उतरली. लतिकाने लगेच त्या कॅसेटींवर लेकीची, छोट्या क्षितिजाची, बडबडगीतं भरली. आता डिस्क आहे ना, मग कॅसेटी कशाला अडवायच्या?

आणि दसरा आला. मी टेबलावर उघडीच होते. धोंडूबाईंनी ओलं कुंकू कालवलं आणि प्रेमाने बोट टेकवलं, नेमकं छिद्रावर. वर फूल ठेवून पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी मी नुसती टकटक करू लागले. चंद्रहासने डोक्याला हात लावला. "आई, अगं तिथे कशाला?"

"मशिनीला दसऱ्याला कुकू नाय लावायचं? मंग कुठं लावू, तुझ्या कपालावर?" बोलता बोलता त्या पदराने ते कुंकू पुसू लागल्या.

त्याने मला नव्या संगणकाला जोडलं. जुन्या संगणकाचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम त्यात होता. धापा टाकत मी त्याला अकरा गाणी दिली. तीन राहिली. त्यांतच पाठवणीचं गाणं होतं. लतिका वही घेऊन सासूबाईंपुढे बसली. चार ओळी आल्या.

"पुढं पानी होतं कायतरी... खाडीचं पानी..." धोंडूबाई पुन्हा पहिल्या ओळीवर गेल्या, पण गाणं तिथेच अडलं.

उन्नतीच्या हळदीला ती अकरा गाणी झाली, आणि शेवटी बायकांनी पाठवणीच्या त्या चारच ओळी फिरून फिरून म्हटल्या.

मित्रांनो, आम्हाला कुंकू जरूर लावा, पण कडेला. आणि जिवाभावाची गोष्ट एकट्या डिस्कच्या भरवशावर सोडू नका. आणखी एका कॅसेटीत ठेवा, कुणाच्या तरी गळ्यात ठेवा.

मी आता लतिकाच्या कपाटात, जुन्या ओढणीत गुंडाळलेली आहे. खाडीच्या पाण्याच्या पुढची ओळ मला ठाऊक आहे. ती माझ्या पोटात आहे. मला म्हणता येत नाही.