पट्ट्या काढलेला शर्ट

रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी झालं आणि घरमालकांच्या अंगात आलं. भोपाळहून बाबू लोक फायलींच्या गठ्ठ्यांसकट उतरले, तशी ज्या खोलीत कालपर्यंत मोडकी सायकल आणि दोन मांजरी नांदत होत्या, तिलाही रातोरात बाथरूम फुटलं. शैलेंद्रनगरातल्या एका गृहस्थानं तर जिन्याखालची जागा एका उपसचिवाला भाड्यानं दिली. तिथं वावरून त्या उपसचिवाची पाठ अशी वाकली की तो ऑफिसातही वाकूनच चालायला लागला, आणि त्या नम्रतेवर खूश होऊन मंत्र्यानं त्याला बढती दिली. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं तो जिना जाऊन पाहावा.

अशा दिवसांत गंधार पांढरीपांडे नावाचा नागपूरचा एक पोरगा पाठीवर बॅग आणि डोक्यावर वैमानिकाच्या शिक्षणाचं कर्ज घेऊन रायपुरात खोली शोधत फिरत होता. एका चिमुकल्या विमान कंपनीत तो को-पायलट म्हणून नुकताच लागला होता. कंपनीची विमानं दोन, त्यातलं एक कायम दुरुस्तीला. गंधार शिकाऊ, आणि शिकाऊचा पगार असा की बँकेचा हप्ता कापून गेल्यावर उरलेल्या पैशांत माणूस एक तर जेवू शकतो, नाही तर छपराखाली झोपू शकतो. दोन्ही एकदम करायची सोय नव्हती.

त्यातून त्याला खरं बोलायची खोड. शंकरनगरात त्यानं "मी पायलट आहे" म्हणून सांगितलं, तर घरमालकानं दिलेला पाण्याचा ग्लास तो रिकामा करेपर्यंत भाडं दुप्पट झालं. दुसऱ्या घरी मालकिणीनं त्याचा हात हातात घेऊन, वर्षातून दोनदा माहेरी फुकट नेशील ना, असं विचारलं. तिसऱ्या दिवशी तो ब्राह्मणपारा नावाच्या मोहल्ल्यात यशवंतराव सोनटक्क्यांच्या दारात उभा राहिला तेव्हा शहाणा झाला होता. यशवंतराव रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे. त्यांच्या बायकोनं, प्रेमलाकाकूंनी, विचारलं, काय करतं रे बाबू? गंधार म्हणाला, माना गावच्या विमानतळावर असतो, काकू. यात खोटं अक्षर नव्हतं. काकूंनी त्याची झिजलेली कॉलर पाहिली, उन्हानं रापलेलं नाक पाहिलं, आणि असं भाडं सांगितलं की गंधारला तिथल्या तिथं त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

गच्चीवरची ती खोली म्हणजे त्याचं विमानच म्हणा. ती आहे तोवर तो उडणार. ती गेली की नागपूरला परत, मामाच्या फरशीच्या दुकानात, जन्मभर जमिनीवर.

आता पोटाचं. उड्डाणाच्या दिवशी कंपनी जेवण द्यायची. आपलं तो तिथं खायचा आणि कुणाचं उरलं तर चंदेरी कागदाच्या डबीत भरून घरी आणायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र हाल. लोक रविवारची वाट पाहतात. हा सुट्टी आली की पिंजऱ्यातल्या वाघासारखा गच्चीवर येरझाऱ्या घालायचा. बसला तर पाय हलायचा, झोपला तर पोट बोलायचं. त्याच्या चालण्यानं यशवंतरावांच्या गच्चीचं प्लॅस्टर इतकं घोटलं गेलं की पुढं कित्येक वर्षं काकू तिथं ताटाशिवाय पापड लाटत.

आणि तिसरी गोष्ट, तो शर्ट. गणवेश घालून ब्राह्मणपाऱ्यातून निघालं तर रिक्षावाल्यापासून धोब्यापर्यंत सगळे पायलटाचा भाव लावणार, म्हणून तो गणवेश बॅगेत नेऊन विमानतळावर बदलायचा, आणि शर्ट घरीच धुवायचा. धुताना खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या काढून ठेवायचा. आता पायलटाच्या पांढऱ्या शर्टाच्या पट्ट्या काढल्या, खाली काळी पँट वाळत घातली, तर काय उरतं? लग्नातला वाढपी उरतो. काकूंनी दोरीवरचे कपडे पाहिले, चंदेरी डब्या पाहिल्या, पहाटे चोरपावलांनी जाणं पाहिलं आणि दोनात दोन मिळवले. बिचारा विमानात नाश्तापाणी वाढतो.

गंधारच्या हे ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. म्हणजे तोवर काकूंकडून रोज वाटीभर भाजी यायला लागली होती. आंबाडी, झुणका, कधी गोळाभात. भुकेल्या माणसानं वाटी हातात धरून गैरसमज दूर करावेत, अशी शास्त्राची आज्ञा नाही. तो गप्प बसला. पण वाटी रिकामी झाली की अस्वस्थपणा भरून यायचा, आणि गच्ची पुन्हा घोटली जायची.

काकूंची दया काही वाटीवर थांबली नाही. यशवंतरावांचे जुने बूट आले. मग काकूंनी आपल्या भाच्याला, जयंताला, गळ घातली. जयंत नव्या मंत्रालयात बसायचा. चपराशाची एक जागा निघणार होती. पक्की नोकरी, मागाहून पेन्शन. पगार ऐकून गंधारला ठसका लागला. हप्ता कापून त्याच्या हातात यायचं त्यापेक्षा चांगला सव्वापट. चार दिवस त्याला झोप आली नाही. स्टुलावर बसून घंटी वाजली की उठायचं, एवढंच काम. ना वादळ, ना ढग, ना दर सहा महिन्यांनी परीक्षा.

मधे काकूंकडे सत्यनारायण झाला. वाढायला माणूस कमी पडला तशी काकूंनी त्याच्या हातात कोशिंबिरीचं पातेलं दिलं. घरचाच कारागीर आहे, म्हणाल्या. त्यानं पंगतभर कोशिंबीर पानाच्या उजव्या बाजूला वाढली. जिथं भाजी पडायची तिथं. एका म्हाताऱ्यानं पान फिरवून घेतलं, दुसऱ्यानं हात जोडून देवाकडे पाहिलं. काकू त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "काहून रे, विमानातही असंच वाढतं का? म्हणूनच तुले पक्कं करून नाही राहिले."

असं सगळं सुरळीत बिघडलेलं असताना काकूंच्या लेकीनं, कौमुदीनं, घात केला. ती नागपूरला दिलेली. वडिलांची पंचाहत्तरी तिच्या घरी व्हायची होती, आणि तिनं आईवडिलांना विमानाची तिकिटं पाठवली. काकू तिकिटं घेऊन गच्चीवर आल्या. गंधारच्याच कंपनीची, गंधारच्याच विमानाची, गंधारच्याच ड्यूटीच्या दिवशीची. काकूंचा आनंद एवढाच, की आता याचं काम डोळ्यांनी दिसेल, जरा सांभाळून घेता येईल.

गंधारनं धावपळ केली. ड्यूटी लावणाऱ्या शालिग्रामजींना म्हणाला, सर्दी झालीये, कान बंद आहेत. ते म्हणाले, घरी बस, तुझे उड्डाणाचे तास दुसऱ्याला देतो. तास गेले की शिकाऊपण लांबणार, शिकाऊपण लांबलं की हप्ता बुडणार. सर्दी तिथंच बरी झाली. मग त्यानं हवाईसुंदरी रूपालीला गाठलं. ती भनपुरीच्या मराठी घरातली, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीतून. उड्डाणाआधी ती वैमानिकांची नावं माइकवर सांगायची. त्या दिवशी फक्त कॅप्टनचं सांग, माझं गिळून टाक, असं त्यानं विनवलं. "हव सर," ती म्हणाली, "लेकिन उधारी किसकी है?"

त्या सकाळी गंधार वेळेच्या कितीतरी आधी कॉकपिटमधे जाऊन बसला आणि दार लावून घेतलं. शेजारी कॅप्टन बाली, वायुसेनेतून निवृत्त, मिशा अशा की दोन्ही टोकांवर एकेक कबुतर बसावं. त्यांनी विचारलं, पाय का हलतोय? गंधार म्हणाला, थंडी. बाहेर मे महिना होता.

मागं काय घडलं ते त्याला नंतर समजलं. प्रेमलाकाकू नऊवारी सावरत चढल्या, आणि दारातच रूपालीच्या हातात पितळी डबा ठेवला. आमचा गंधार इथंच कामाले आहे, त्याले दे; उपाशी राबते बिचारा. रूपालीला फक्त त्याचं नाव न सांगण्याची ताकीद होती, डब्याची नव्हती. ती डबा घेऊन थेट कॉकपिटमधे आली आणि म्हणाली, सर, आप के घर से.

झाकण उघडलं आणि सांबारवडीचा वास सुटला. कोथिंबीर, खोबरं, खसखस, खरपूस तळलेलं. आता वैमानिकांचा एक नियम असतो. दोघांनी एकच अन्न खायचं नाही. एकाला बाधलं तर दुसरा शुद्धीवर पाहिजे. विमान वर जाऊन सरळ झालं तसे कॅप्टन बाली अत्यंत गंभीरपणे म्हणाले, नियम म्हणजे नियम, आणि डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. गंधारच्या वाट्याला कंपनीचं गार कटलेट आलं. ज्याच्यासाठी पहाटे उठून कुणी वड्या तळल्या, तो घड्याळाचे काटे पाहत कटलेट चावत बसला, आणि एकेक वडी मिशांखाली नाहीशी होत गेली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण पोट भरलं की फौजी माणसाचं मन भरून येतं. बालींनी हात पुसले, आणि गंधार नको नको म्हणेपर्यंत माइक उचलला. साऱ्या विमानाला ऐकू गेलं, "देवियो और सज्जनो, आज हमारे को-पायलट गंधार के घर से जो डिब्बा आया है, ऐसा खाना मैंने तीस साल की नौकरी में नहीं खाया. माताजी जहाँ बैठी हों, मेरा सलाम. और आज लैंडिंग आपका बेटा करेगा."

गंधारला वाटलं, विमानाचा तळ सुटला. डोळ्यांपुढं गच्चीवरची खोली आली, तिच्या दाराला लागलेलं कुलूप आलं, मामाच्या दुकानातली फरशी आली.

थोड्या वेळानं आतल्या फोनवर रूपाली बोलली. आंटी पूछ रही हैं, असली ड्रायव्हर कहाँ गया? कहती हैं, आमच्या पोट्ट्याले धड कोशिंबीर वाढता येत नाही, त्याच्या हातात विमान कोणी दिलं? और बाजूवालों से रामनाम जपवा रही हैं. आणि अंकल? गंधारनं विचारलं. अंकल चुप हैं, ती म्हणाली. ते त्याला जास्त लागलं.

नागपूर दिसायला लागलं. बालींनी हात मांडीवर घेतले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. गंधारचा पाय अजून हलत होता. तो त्यानं दाबून धरला. मागं दोन म्हातारी माणसं बसली होती, ज्यांनी त्याला जेवू घातलं होतं आणि ज्यांना तो वर्षभर फसवत आला होता. खोलीचं जे व्हायचं ते होवो, पण आज काकूंच्या मांडीवरची पिशवीसुद्धा हलता कामा नये. त्यानं विमान असं टेकवलं, असं टेकवलं, की चाकं लागली तरी मागच्या रांगेतला एक व्यापारी अजून किती उंचावर आहोत म्हणून विचारत होता.

सगळे उतरल्यावर तो जिन्यानं खाली आला. दोघं सावलीत थांबले होते. काकूंनी पुढं होऊन त्याच्या खांद्यावरच्या पट्टीला बोट लावलं.

"हे काय लावलं?"

"धुताना या काढून ठेवायचो, काकू."

"म्हणजे तू वाढपी नाहीस."

"नाही."

काकूंनी पट्टीवरून बोट मागं घेतलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. "तरीच," त्या म्हणाल्या.

यशवंतराव मात्र मोकळे झाले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, पगार किती? गंधारनं त्यांच्या कानाशी लागून खरा आकडा सांगितला, हप्ता कापलेला. म्हाताऱ्यानं एकदा विमानाकडे पाहिलं, एकदा त्याच्या पायांकडे. पायात त्यांचेच जुने बूट होते, पॉलिश करून चमकवलेले.

"माही पेन्शन जास्त आहे," ते म्हणाले.

गंधारनं मान खाली घातली. खोली सोडायचं तोच म्हणणार होता. यशवंतरावांनी त्याला बोलू दिलं नाही.

"पाऱ्यात कोणाले सांगू नको," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पायलट एवढ्याशा भाड्यात ठेवला म्हटलं तर लोक मले येडा म्हणतील. अन् तुहा पगार सांगितला तर म्हणतील दोघं मिळून थापा मारून राहिले. तू वाढपीच बरा आहेस. भाडं तेच."

काकूंनी तेवढ्यात विचारलं, वड्या बऱ्या होत्या ना? कॅप्टननं सगळ्याच खाल्ल्या, त्याला एकही मिळाली नाही, हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, जे विमानात आलं नव्हतं. त्या दिवसापासून उड्डाणाच्या सकाळी ब्राह्मणपाऱ्यातून दोन डबे निघू लागले. एकात सांबारवडी, दुसऱ्यात पाटोडी, नियमाला धरून.

पुढच्या सत्यनारायणाला गंधारनं कोशिंबीर डावीकडे वाढली. पान फिरवून घेणाऱ्या म्हाताऱ्यानं मान डोलावली. पोरगा सुधारला, आता पक्का करतील, म्हणाला. यशवंतराव पाटावर बसून हुं का चूं न करता जेवत होते. त्यांच्या शेजारी मंत्रालयातला जयंत. त्यानं गंधारला खुणेनं जवळ बोलावलं. ती जागा अजून भरली नाही, म्हणाला, मावशीनंच अडवून ठेवायला लावलीये. विमानाचा काय भरवसा, म्हणते.

गंधारनं त्याच्या पानावर आग्रहानं आणखी एक पुरी टाकली आणि विचार करतो म्हणाला. तो खोटं बोलला नाही. त्या रात्रीही गच्चीवरचं प्लॅस्टर घोटलं जात होतं.