गोलकीपरचा रकाना

मी एक जुना पांढरा फळा आहे. कुवेतच्या शुवैखमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करणाऱ्या साबीरच्या गॅरेजात, चहाच्या टेबलामागे, तीन खिळ्यांवर लटकलोय. चौथा खिळा निघाला तेव्हापासून माझा डावा कोपरा खाली झुकलाय. मित्रांनो, माणसांसमोर मला बोलता येत नाही. येत असतं तर त्या गुरुवारी मी घसा फोडून ओरडलो असतो.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्यावर गुळगुळीत पांढरा लेप चढला, भोवती ॲल्युमिनियमची पट्टी बसली आणि मी एका मोठ्या ऑफिसात गेलो. तिथे चार वर्षं माझ्यावर नुसते बाण काढले. मग भिंतीवर स्क्रीन आला आणि मला लिफ्टशेजारी भंगारात उभं केलं. त्या ऑफिसचे पडदे धुवायला न्यायला अर्दियाच्या लाँड्रीची व्हॅन यायची. तिचा ड्रायव्हर अकबर. त्याने मला पाहिलं, हात फिरवून बघितला आणि साबीरला फोन लावला की आपल्या टीमला फळा मिळाला. व्हॅनमध्ये मी मावेना. मग मला टपावर बांधलं, आणि शुवैखपर्यंत अकबर एका हाताने गाडी चालवत होता अन् दुसरा हात खिडकीतून बाहेर काढून मला धरून होता. पोलिसाने पाहिलं नाही हे नशीब.

साबीर आणि अकबर रत्नागिरीकडच्या एकाच गावचे, एकाच मदरशात शिकलेले. कुवेतमध्ये कोकणी माणसांचे आठ फुटबॉल क्लब आहेत, दर शुक्रवारी खेळतात. साबीर त्यातल्या एकाचा मॅनेजर आणि अकबर अकरा वर्षं त्याचा गोलकीपर. माझ्यावर अकरा रकाने आखले गेले, सगळ्यांत वरचा गोलकीपरचा. दर गुरुवारी संध्याकाळी अकबर यायचा, फडकं ओलं करून मला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसायचा, मग नवी टीम लिहायचा. स्वतःचं नाव सगळ्यांत बारीक अक्षरात. दोनदा आम्ही कप आणला. तेव्हा माझ्यासमोर उभे राहून सगळ्यांनी फोटो काढले आणि साबीरची बायको शाझिया पातेलंभर बिर्याणी घेऊन आली. काय दिवस होते ते!

आणि मग गेला मोसम. सातच्या सात मॅच हरलो. साबीरचं जेवण उडालं. या वर्षीही असंच झालं तर क्लब बंद होणार, हे कमिटीने त्याला तोंडावर सांगितलं होतं.

आता नियम सांगतो, सोपा आहे. दर वर्षी प्रत्येक क्लबला चारच खेळाडू स्वतःकडे राखता येतात. बाकी सगळ्यांची नावं ड्राफ्टमध्ये जातात आणि क्लब पाळीपाळीने एकेक उचलतात. जो शेवटी आला त्याची पाळी पहिली. ज्यांना कोणीच उचललं नाही ते मोकळे. त्यांना ड्राफ्टनंतरच्या शुक्रवारी, जुम्याच्या नमाजेपर्यंत कोणीही घ्यावं.

झालं, गॅरेजात मतांचा पूर आला. एसीचा गॅस भरायला आलेला माणूससुद्धा टीम बांधून जायचा. कोणी म्हणे आधी बचाव उभा करा, कोणी म्हणे नावाला भुलू नका, तरणी माणसं घ्या. सगळ्यांत जोरात मोरेश्वर. हा पुण्याचा, बँकेत अकाउंटंट, फुटबॉलला कधी पाय लावलेला नाही, पण लॅपटॉपवर प्रत्येकाचे गोल, पास, वय, सगळं मांडलेलं. त्याचं म्हणणं, पहिल्या पाळीत आमिरला उचला. आमिर रायगडचा, नुकताच आलेला, पायात वीज. आणि अकबरला राखायची गरजच नाही. एकेचाळीस वर्षांचा, शिवाय साबीरचा जिवलग. त्याला हात लावायला बाकीचे भिडेपोटी धजणार नाहीत. मोकळा राहील, मग शुक्रवारी हळूच घेऊन टाकू.

साबीरला पटलं. खरं सांगू? हिशेब चोखच होता. शाझियाने तेवढं विचारलं की अकबरच्या कानावर घातलंय का. साबीर म्हणाला, घरचाच माणूस तो, त्याला काय सांगायचं. आपल्याकडे हे असंच चालतं. पाहुण्याला दहादा विचारायचं आणि घरच्याला गृहीत धरायचं.

मोरेश्वरने मार्कर घेतला. वर चार राखलेल्यांची नावं लिहिली, खाली आमिर, आणि सगळ्यांत तळाला एक ओळ: 'अकबर – कोणी घेणार नाही – शेवटी बघू.' मग दोघे चहा पिऊन बाहेर पडले.

तो गुरुवार होता.

अकबर आला, फडकं ओलं केलं, वरून पुसायला लागला. ती ओळ आली तेव्हा त्याचा हात थांबला. त्याने ती वाचली, ओठ हलवत परत वाचली. मी काय करणार? माझीच पाठ, माझंच पोट, आणि त्यावर हे लिहिलेलं. वाटत होतं, उरलेले तिन्ही खिळे सुटावेत आणि मी दाणकन खाली पडावं. त्याने बाकीचा सगळा फळा लख्ख पुसला. ती ओळ तशीच ठेवली. फडक्याची घडी घालून टेबलावर ठेवली आणि गेला.

साबीरने परतल्यावर ते पाहिलं. त्याला वाटलं, अकबरने वाचलंय, समजलाय, म्हणूनच ओळ जपून ठेवलीय. खूश झाला हो तो!

पुढच्या बुधवारी ड्राफ्ट झाला. आमिर मिळाला. भिडेपोटी अकबरला कोणीच उचललं नाही, अगदी ठरल्याप्रमाणे. गुरुवारी सकाळी साबीरने फोन टेबलावर ठेवून, स्पीकर लावून, हसत हसत अकबरला सांगितलं की ये आता सही करायला.

अकबर बोलला, आवाज न चढवता.

"साबीर, तू म्हणाला असतास तर मी बाकावरही बसलो असतो. फळ्यावर कशाला लिहिलंस?"

साबीर गयावया करू लागला. ते मोरेश्वरने लिहिलं, तो नुसता डाव होता, क्लबसाठी होता, तुझ्याशिवाय गोलमध्ये दुसऱ्या कोणाला मी उभं करीन का. अकबर म्हणाला, मी नाव काढून घेतलंय. फोन बंद झाला. साबीर रिग्गईला त्याच्या खोलीवर गेला, दोनदा गेला, दार उघडलं नाही. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली आणि यादी बंद झाली.

मोसम सुरू झाला. आमिरने गोल केले, पण गोलमध्ये बदली माणूस, त्यामुळे आमच्यावर त्याच्या दुप्पट झाले. मोरेश्वर आता सांगत होता की आधी गोलकीपर राखायला हवा होता. साबीर रोज फडक्याने ती ओळ घासायचा. पण पत्र्याच्या शेडमधल्या उकाड्यात शाई माझ्यात मुरली होती. अक्षरं फिकी झाली, गेली नाहीत. मग कमिटीने खास परवानगी दिली आणि बाळा नावाचा नवा गोलकीपर येणार असं ठरलं.

एका दुपारी साबीर बाहेर असताना अकबर आला. हातात स्पिरिटची बाटली. शाझिया होती, तिला म्हणाला, शनिवारी कायमचा गावी चाललोय. मग त्याने ती ओळ घासली, घाम गळेपर्यंत घासली, एक टिंबही ठेवलं नाही.

शाझियाने रडत विचारलं, "आता कशाला, भाऊ?"

"नवा माणूस येतोय, भाभी. त्याने हे वाचायला नको."

गोलकीपरच्या रकान्यात त्याने मोठ्या अक्षरात 'बाळा' लिहिलं, फडक्याची घडी घालून टेबलावर ठेवली आणि निघाला. साबीर धावत आला तेव्हा लाँड्रीची व्हॅन वळणावरून गेली होती. तो माझ्यावर डोकं टेकून मोठ्याने रडला. त्याच्या कपाळाचा डाग अजून आहे माझ्यावर.

मित्रांनो, टीम खुशाल बांधा, हिशेब खुशाल करा. पण ज्याचं नाव शेवटी ठेवाल, त्याला आधी जाऊन सांगा. आणि शुवैखला आलात तर एक करा. टेबलावर एक फडकं आहे, कधीची घडी आहे, कोणी मोडत नाही. ते ओलं करा आणि मला एकदा पुसा.