खिशातला फ्यूज

दोघा भावांच्या सुतारखान्यात एक नेम होता. रंधा मशीनच्या पात्यांत भुसा अडकला की थोरला भिंतीवरचा फ्यूज उपटायचा, धाकट्याच्या खिशात टाकायचा आणि मगच आत हात घालायचा. मशीनचं बटण बंद करायच्या भानगडीत तो पडायचा नाही. "माझा हात तुझ्या खिशात आहे रे बाबा," असं मात्र दर वेळी म्हणायचा.

धाकट्याला मोबाइलवरच्या रंगीत गोळ्या फोडायच्या खेळाने पुरतं झपाटलं होतं. आधी आपला विरंगुळा म्हणून. मग जेवताना, मग संडासात, मग फळीचं माप घेता घेता. जितक्यांदा तो खेळ काढून टाकला, तितक्यांदा परत घेतला. वहिनी म्हणाली, "भावजी, हल्ली हाक मारली की दचकता. मोबाइल दिसला नाही की घर डोक्यावर घेता. हे काही खरं नाही."

"डोकं दुखतंय माझं!" तो वस्सकन अंगावर गेला. साफ खोटं. ते त्यालाही कळत होतं आणि आतून खात होतं.

त्या दुपारी भुसा अडकला. फ्यूज धाकट्याच्या खिशात आला, दादा मशीनपाशी वाकला. हा बाहेर दाराआड खेळत बसला. आता डाव जिंकणार, तोच बॅटरी संपत आली. आत येऊन चार्जर लावला, तर वीज नाही.

"च्यायला, हिलाही आत्ताच जायचं होतं!"

हात खिशात गेला. अरे, फ्यूज तर आपल्याकडेच! आणि या शहाण्याने तो भिंतीत बसवला.

मशीन गरजलं. धाकट्याने खाली पाहिलं. चार्जिंग सुरू झालं होतं. मग तो किंचाळला, "दादा!"

दादा पाना घ्यायला वळला होता, म्हणून वाचला. पांढराफटक पडून स्वतःच्या दोन्ही पंजांकडे बघत होता.

"आधी मी चार्जिंग पाहिलं," धाकटा हुंदके देत म्हणाला. "तुझ्या हाताआधी! मला हे सुटत नाही रे दादा. काय करू मी?"

दादाने फ्यूज उपटला. धाकट्याने सवयीने खिसा पुढे केला. दादाने फ्यूज स्वतःच्या खिशात टाकला.

"मोबाइल दे."

धाकट्याला द्यायचाच होता. पण बोटं उघडेनात. दादाला ती एकेक करून सोडवावी लागली.