मालकाचा गुडघा

सत्त्याऐंशी साली आमच्या नगरपालिकेने अंगणातल्या गवताचा नियम काढला. तण जागेच्या मालकाच्या गुडघ्याच्या वर वाढता कामा नये, वाढलं तर नगरपालिकेची माणसं येऊन कापतील, फुलझाडांना मात्र सूट. गुडघाच का, हे कुणी विचारलं नाही. तेव्हा विचारायची पद्धतच नव्हती.

नर्सबाईंना त्या नियमाची काय भीती? अर्ध्या गावाला सुया टोचून निवृत्त झालेली बाई, अंगण आरशासारखं लख्ख. फक्त दारासमोर निशिगंधाचा एक वाफा होता. नवऱ्याने शेवटच्या आजारपणात खुर्चीत बसून त्यांच्याकडून एकेक कंद लावून घेतला होता. फुलं बघायला तो राहिला नाही. पुढच्या वर्षी त्या बाहेरगावी गेल्या असताना धाकट्या दिराने सगळा वाफा मुळापासून कापला आणि वर हसत म्हणाला, "वहिनी, गवत काढून टाकलं बघा!" त्या दिवसापासून त्याला फाटक बंद. मातीत उरलेले कंद पुन्हा फुटले, पण रुसल्यासारखे नुसती पातीच द्यायचे. यंदा कुठे त्यांनी जोर धरला होता.

आणि नेमकी नगरपालिकेची इन्स्पेक्टरबाई दारात.

"हे गवत कापावं लागेल."

"गवत नाही, निशिगंध आहे."

"फूल कुठाय?"

"येईल की!"

"येईल तेव्हा फुलझाड. आज गवत. इथे उभ्या राहा बघू."

नर्सबाई चणीने लहान. पाती गुडघ्याच्या वर चांगली चार बोटं.

"उद्या सकाळी माणसं येतील विळे घेऊन."

या बाईला लहानपणी लस नर्सबाईंनीच टोचली होती, तेव्हाही ती अशीच हेकट होती. "नियम वाचा पुन्हा," त्या म्हणाल्या.

"मालकाच्या गुडघ्याच्या..."

घर बांधलं नवऱ्याने, पण नोकरी फिरतीची, म्हणून कागदावर नाव धाकट्या भावाचं लागलं ते तसंच राहिलं. हे नर्सबाईंनी जन्मात कुणाला कळू दिलं नव्हतं.

"मग माझा गुडघा कशाला मोजता? मी मालकीण नाही या घराची."

कुंपणापलीकडे शिंप्याचं मशीन थांबलं. आता हे गावभर होणार.

संध्याकाळी त्या दिराच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात गेल्या. गावात त्याला सगळे शिडी म्हणत, इतका उंच. तो गडबडून उठला आणि त्याचं डोकं टांगलेल्या घड्याळावर आपटलं.

"भाऊजी, तुमचा गुडघा हवाय."

"अं? दुखत नाही हो वहिनी तो."

"दुखायला कुणी सांगितलंय? घराचे कागद आणि गुडघा घेऊन सकाळी अंगणात या. आणि वाफ्यात पाय पडला तर याद राखा!"

सकाळी शिडी विजार दुमडून वाफ्याच्या कडेला बगळ्यासारखा उभा राहिला. शिंपी न बोलावता टेप घेऊन हजर. "दोन बोटं कमी!" त्याने आरोळी ठोकली. इन्स्पेक्टरबाईने कागद उलटसुलट पाहिले, गुडघ्याकडे तर एखाद्या गुन्हेगाराकडे पाहावं तसं पाहिलं, आणि विळेवाल्यांना परत पाठवलं.

"वहिनी," दीर हळूच म्हणाला, "तेव्हा मला खरंच गवत वाटलं होतं."

"या बाईंनाही वाटलं. तुम्हा दोघांचे डोळे एकाच दुकानातले."

"मग जाऊ मी?"

"जाऊ काय जाऊ! त्या परत आल्या तर गुडघा कुठून आणू? फुलं येईपर्यंत रोज यायचं."

तो रोज आला. पायरीवर बसे, चहाला साखर कमी म्हणून कुरकुरे, आणि त्यांचा जीव नकोसा करी. एके दिवशी पहिला दांडा उमलला. दिराने हातातला कप खाली ठेवला, एवढंच.

इन्स्पेक्टरबाईची पुढे पाणीपट्टीत बदली झाली. नियमातल्या गुडघ्याच्या जागी मोजपट्टी आली. शिंपी म्हातारपणी मुलीकडे गेला, जाताना टेप नर्सबाईंना देऊन. घर नावावर करून देतो म्हणून दीर शेवटपर्यंत मागे लागला होता, पण नर्सबाई दरवर्षी म्हणत, "यंदाची फुलं होऊन जाऊ द्या." दीर आधी गेला, नर्सबाई मागून. घर आता त्याच्या मुलाचं आहे. तोही ताडमाड उंच, आणि वाफ्याच्या कडेने जपून चालतो.