एक दिवस आधी

घरात तिला सगळे शंकासूर म्हणत. तिला कुठलीही गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘तुला कसं माहीत?’ वडील लिफ्टदुरुस्तीचं काम करायचे. कामावरून येऊन ते सांगायचे, आज एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती, पण जराही घाबरली नाही. लगेच ही विचारायची, “बाबा, घाबरले नाही असं त्या स्वतः म्हणाल्या, की तुम्हाला तसं वाटलं?” वडील आईकडे बघून म्हणायचे, “ही एक तर वकील होणार, नाहीतर सासू.”

त्यामुळे अकरावीत ‘संशोधन आणि चिकित्सक विचार’ असा जादा विषय निघाला तेव्हा तिने लगेच नाव दिलं. तिच्या शाळेतून दुसऱ्या कोणी दिलं नाही. शाळेत तो शिकवणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या शहरातले एक सर चार-पाच शाळांच्या मुलांना संगणकावरून शिकवायचे. तास दुपारी असे. आई सकाळी लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची, दुपारी घरी यायची. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी मुलीचा तास चालायचा, आणि ओट्यापाशी आईचं काम. सरांचा आवाज आईच्या ओळखीचा झाला होता. चेहरा मात्र तिने कधी नीट पाहिला नव्हता.

एके दिवशी मुलीच्या पोटात दुखायला लागलं. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, “डॉक्टरकडे नेऊ या का?” आई म्हणाली, “बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. उद्या बघू.” तिने गोळी दिली, पोट शेकलं. सकाळी मुलगी म्हणाली, “आता बरं वाटतंय गं.” आईच्या जिवात जीव आला. ती कामावर गेली. दुपारी परतली तेव्हा मुलगी तापाने फणफणली होती आणि काहीबाही बडबडत होती. हॉस्पिटलात कळलं की अपेंडिक्स फुटलंय आणि विष अंगभर पसरलंय. ऑपरेशन झालं, पण ती शुद्धीवर आलीच नाही.

भेटायला येणारे सगळे एकच सांगत होते, कोणाच्या हातात काही नसतं. नणंद आठवडाभर राहिली. जाताना ती म्हणाली, “वहिनी, स्वतःला दोष देऊ नकोस. देवालासुद्धा काही करता आलं नसतं.” नवरा तर या विषयावर बोलतच नसे. आईने तोंड उघडलं की तो म्हणायचा, “काही उपयोग नव्हता. कधीही नेलं असतं तरी तेच झालं असतं.” आणि तो उठून बाहेर जायचा.

एका दुपारी ती घरात एकटी असताना टेबलावरचा संगणक वाजला. तास सुरू होत होता. शाळेत सगळ्यांना कळलं होतं, पण त्या दूरच्या सरांना कोणी कळवलं नव्हतं. आवाज बंद करायचा म्हणून तिने बटण दाबलं, तर पडद्यावर मुलांचे चेहरे उघडले.

“अरे वा, शंकासूर आलेत,” सर म्हणाले. मुलीने तिथेसुद्धा तेच नाव लावून ठेवलं होतं. “बरेच दिवस पत्ता नव्हता तुझा. बरी आहेस ना? कॅमेरा बंद ठेवलास तरी चालेल.”

आईने सांगायला हवं होतं, पण तिच्याने सांगवेना. आपली मुलगी कुठेतरी अजून हजर आहे, तिची वाट बघणारं कोणी आहे, हे कळल्यावर तिला ते मोडावंसं वाटलं नाही. एकेका बोटाने अक्षरं शोधत तिने लिहिलं, ‘हो.’

पुढच्या तासालाही ती बसली, आणि त्याच्या पुढच्याही. आधी नुसता आवाज ऐकायला बसायची, मग ऐकता ऐकता लक्ष लागायला लागलं. सर म्हणायचे, एखादी गोष्ट आपल्याला माहीत असते तेव्हा आणि ती खरी असावी असं वाटत असतं तेव्हा, आतून दोन्ही अगदी सारखंच वाटतं. म्हणून थांबून विचारायचं, हे कोण सांगतंय, त्याला कुठून कळलं, आणि उलटं असतं तर काय दिसलं असतं. आई हातातली भाजी तशीच धरून ऐकत राही.

मग सरांनी प्रकल्प दिला. प्रत्येकाने आपल्या आयुष्यातला एक खरा प्रश्न निवडायचा आणि त्याचं उत्तर शोधायचं. कोणी लिहिलं, आमच्या गल्लीतली झाडं का वाळतात. कोणी लिहिलं, परीक्षेआधी झोपलेलं बरं की जागलेलं. शेवटी तिने लिहिलं, ‘एक दिवस आधी नेलं असतं तर मुलगी वाचली असती का?’

सरांनी तो प्रश्न वर्गात वाचून दाखवला नाही. तास संपल्यावर ते म्हणाले, “शंकासूर, तू जरा थांब.” बाकीचे चेहरे एकेक करून गेले. “घरी कोणी आजारी आहे का बाळा?”

आईने कॅमेरा लावला. समोर चष्मा लावलेला, पिकल्या दाढीचा माणूस होता.

“मी तिची आई,” ती म्हणाली. “ती गेली. तुम्हाला कोणी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. माझं चुकलं.”

सरांनी चष्मा काढला. मग त्यांनी हळूच विचारलं काय झालं होतं, आणि तिने सगळं सांगितलं.

“हा प्रश्न तुम्ही सोडून द्या,” ते म्हणाले. “याने तुम्हाला त्रासच होईल.”

“सर, घरातलं कोणी मला उत्तर देत नाही. सगळे समजूत घालतात. तुम्हीही तेच करणार असाल तर मुलांना कशाला शिकवता?”

सर ओशाळले. “बरं,” ते म्हणाले. “मग नीट बघू. यात दोन प्रश्न आहेत. वेळेवर नेलेल्या मुलांचं साधारण काय होतं, हा एक. तुमच्या मुलीचं काय झालं असतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळेल. दुसऱ्याचं पक्कं उत्तर जगात कोणाकडेच नाही.”

“पहिलं तरी शोधायला शिकवा.”

“आणि उत्तर नको ते आलं तर?”

“आत्ता तरी काय हवं ते आहे, सर?”

तेव्हापासून वर्ग संपला की सर तिच्यासाठी थोडा वेळ थांबायला लागले. कुठला मजकूर जाहिरातीचा आणि कुठला डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेला, हे ओळखायला त्यांनी शिकवलं. अवघड शब्द आले की ते सोपे करून सांगायचे. एका जागी वाचलेलं दुसरीकडे ताडून बघितल्याशिवाय खरं धरायचं नाही, असा त्यांचा नियम होता. ती तो कसोशीने पाळायची.

त्या वाचनात एक वाक्य आलं. अपेंडिक्स फुटतं तेव्हा कधी कधी दुखणं एकदम कमी होतं. रोग्याला बरं वाटतं, घरच्यांनाही. खरा धोका तिथून वाढतो. तिने ते दुसरीकडे शोधलं. तिथेही तेच होतं. तिसरीकडेही. ‘आता बरं वाटतंय गं.’ आपण ते ऐकून केस विंचरले होते, चहा घेतला होता, मजेत कामाला गेलो होतो. तिने संगणक बंद केला. त्या दिवशी स्वयंपाक झाला नाही.

मग ती ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना भेटायला गेली. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिली. ते तिला ओळखून लगेच सावध झाले.

“मी भांडायला आले नाही,” ती म्हणाली. “एक विचारायचं होतं. दुखायला लागलं त्याच संध्याकाळी आणलं असतं तर?”

“बाई, असा विचार करू नये. पोटदुखी बघून कुठल्याही आईला हे कळत नाही.”

“ते मला पटलंय. पण मी ते नाही विचारलं.”

सर्जननी हातातलं पेन खाली ठेवलं. “त्या संध्याकाळी बहुतेक फुटलेलं नव्हतं,” ते म्हणाले. “अशा वेळी आणलेली जवळजवळ सगळी मुलं बरी होऊन घरी जातात. तुमची गेलीच असती, असं मी लिहून देऊ शकत नाही. पण शक्यता तीच जास्त होती.”

“खरं सांगितलंत,” ती म्हणाली.

ते जरा घुटमळले. “खरं तर हे मी तुमच्या यजमानांना त्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी बाहेर गाठून हेच विचारलं होतं. तुम्हाला कळू देऊ नका, असं म्हणाले होते.”

ती चालतच घरी गेली. नवरा यायच्या वेळेला तिने दार उघडून ठेवलं. तो आत आला, हाताचं ग्रीस धुवायला मोरीकडे वळला, तशी ती म्हणाली, “मी डॉक्टरांना भेटून आले.”

त्याने नळ सुरू केला आणि हात पाण्याखाली धरले.

“तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं.”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“दोघांनी मरून काय करायचं होतं?” तो म्हणाला. “एकाला ठाऊक आहे तेवढं पुरे, असं वाटलं. आणि तू म्हणालीस उद्या बघू, पण मी तरी कुठे हट्ट धरला? उलट बरंच वाटलं मला. दमून आलो होतो.” त्याने नळ बंद केला. “तुला सांगितलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं.”

ती त्याच्यावर रागावायचं म्हणून उभी होती, पण राग आला नाही. तो तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसला आणि ओल्या हातांनी तोंड झाकून रडला. मुलगी गेल्यापासून तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. ती त्याच्या शेजारी बसली. समजूत घालण्यासारखं कोणाकडेच काही नव्हतं, त्यामुळे कोणी कोणाची घातली नाही.

प्रकल्प तिने पुरा केला नाही. तिने सरांना फोन करून उत्तर सांगितलं आणि मुलीचं नाव आता वर्गातून काढायला सांगितलं. सर म्हणाले, “तुम्ही येत राहा, तुमच्या नावाने.” ती म्हणाली, “नको सर. त्या वेळेला मला तिचाच आवाज ऐकू येतो.” मुलांना सरांनीच सांगितलं. काही मुलं रडली, असं त्यांनी नंतर कळवलं.

घरात फार काही बदललं नाही. तिला झोप पूर्वीइतकीच कमी लागते. नणंदेचा फोन आला की ती दोन शब्द बोलून ठेवून देते. पण नवरा आता विषय निघाला की उठून जात नाही. सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर कधी कधी दोघं ती शेवटची संध्याकाळ पहिल्यापासून आठवत बसतात. मुलगी कुठे बसली होती, अंगात कुठले कपडे होते, काय बोलली. तो म्हणतो, तिने झोपताना पाणी मागितलं होतं. ती म्हणते, पाणी नाही, दिवा चालू ठेवायला सांगितलं होतं. तो म्हणतो, दिवा आदल्या दिवशी. ती पुन्हा आठवून बघते. विचारायला आता तिसरं कोणी नाही, त्यामुळे ते तिथेच राहतं.